उद्यमबागेजवळचे एक लहान गॅरेज आणि जुन्या युनिकॉर्नची हरवलेली ओढ

माझी होंडा युनिकॉर्न मोटरसायकल 2011 ची आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिची ओढ कमी झाली. जागेवर उभी असताना इंजिन सुरळीत चाले, बेळगावच्या गर्दीतही फारसे काही जाणवत नसे. परंतु गोव्याहून चोर्ला घाट चढून परतताना अ‍ॅक्सिलरेटर पिळला की क्षणभर काहीच घडत नसे आणि मग गाडी धाप लागल्यासारखी हळूहळू वेग घेई. शहरातल्या एका गॅरेजात दोनदा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) धुऊन घेतला, प्लगही बदलला. बिल वाढले, दोष मात्र तसाच राहिला.

मग बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात गेलो. तिथल्या मागच्या गल्लीतील या गॅरेजात मिस्त्रींनी आधी पान्याला हातच लावला नाही. “कार्ब्युरेटर मागनं उघडू वो, आधी केबल बघूया,” असे म्हणून त्यांनी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवले, मुठीतली ढील बोटाने जोखली आणि टाकीखाली मुडपलेली अ‍ॅक्सिलरेटरची केबल सरळ करून घेतली. पेट्रोलची नळी बाटलीत सोडून धार पाहिली. ती ठीक होती. एअर फिल्टर पाहून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. तेल लावलेला हा कागदी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. आधीच्या गॅरेजात त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारली होती.

खरा दोष पुढे निघाला. या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये केबलने केवळ झडप उघडते. पेट्रोलची सुई धरणारी स्लाइड वर उचलली जाते ती इंजिनने ओढलेल्या हवेमुळे, डायफ्राम नावाच्या पातळ रबरी पडद्याच्या आधारे. मिस्त्रींनी स्लाइड बोटाने वर केली, हवेची वाट अंगठ्याने दाबली आणि बोट काढून घेतले. जागीच थांबायला हवी होती ती स्लाइड टपकन खाली आली. डायफ्राम उजेडासमोर ताणला तेव्हा घडीवर सुईच्या टोकाएवढे भोक दिसले. जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रे, कितीही धुतली तरी हे भोक बुजणार नव्हते. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुनी रबरे लवकर जातात, असे त्यांचे मत. मला मात्र चौदा-पंधरा वर्षांचे वय हेच कारण पुरेसे वाटते.

तक्रारीही आहेत. डायफ्राम स्लाइडसकट मागवावा लागला आणि त्याला चार दिवस लागले. त्या काळात त्यांनी स्वतःहून एकही फोन केला नाही. छापील बिल मिळत नाही, हिशेब वहीच्या कागदावर लिहून देतात. बसायला जागा म्हणजे उलटी ठेवलेली एक बादली. मजुरी मात्र रास्त घेतली आणि काढलेला डायफ्राम न मागता हातात ठेवला.

आता घाटात मूठ पिळताच गाडी उचल घेते. थंडीत सकाळी इंजिन अजून थोडे वरखाली होते. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला बारीक चिरा पडल्या आहेत, असे त्यांनी दाखवले होते. मी तेही बदला म्हणालो, तर “आत्ता नको, पावसाळ्याआधी या,” असे सांगून त्यांनी मला परत पाठवले.