शाळा एक नंबर, समितीचं तेवढं बघा

आमच्या गावच्या झेडपीच्या शाळेचा रिव्ह्यू लिहितेय. शाळेचं आणि गावाचं नाव टाकत नाही कारण मला उद्या ह्याच गावात दळण दळायचंय. माझी पिठाची गिरणी आहे, पोरगा तिसरीत आहे, आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, म्हणजे दोन्ही बाजूनी माहिती आहे असं समजा.

आधी चांगलं सांगते. पहिली ते पाचवी, 84 पोरं, हेडसर धरून तीन शिक्षक. शिकवणं पाचपैकी पाच, त्यात एक टक्का कमी नाही. माझं पोरगं दुसरीत असताना दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून मला म्हणालं, आई ही कालची आहे. शेजारच्या गावात पिवळ्या बसनं इंग्लिश मिडीयमला जाणारी त्याच्याच वयाची पोरं आहेत, त्यांना नुसती पोएम पाठ. दुसरीच्या बाई तर अशा आहेत की पोरगं दोन दिवस आलं नाही तर संध्याकाळी घरी येऊन उंबऱ्यात उभ्या राहतात. खिचडीला चार स्टार, आमटी कधी कधी पाण्यासारखी असते म्हणून एक कापला. इमारतीला तीन, पावसाळ्यात चौथीच्या वर्गात बादली ठेवावी लागते.

आता समिती. दीड स्टार. तोही अर्धा हेडसरांच्या चहासाठी.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात ही समिती सांगितलेली आहे. आमची 12 जणांची, त्यात पाऊण म्हणजे 9 पालक, एक ग्रामपंचायतीचा सदस्य, एक शिक्षक, एक शिक्षणतज्ज्ञ, आणि वरून सचिव म्हणून हेडसर. निम्म्या बायका पाहिजेतच. अध्यक्ष पालकांमधलाच. महिन्याला एक मीटिंग, दोन वर्षं मुदत. कागदावर इतकं झकास आहे की वाचताना वाटतं शाळा आपलीच झाली. (शिक्षणतज्ज्ञ म्हणून आमच्याकडे एक रिटायर झालेले तलाठी आहेत, माणूस चांगला आहे, मीटिंगमध्ये झोपतात पण घोरत नाहीत.)

2024 च्या जुलैत पालक सभा झाली. मी गेले होते पोराचा दाखला कधी मिळेल विचारायला, आले सदस्य होऊन. बायका कमी पडत होत्या म्हणून कोणीतरी म्हणालं, गिरणीवाल्या वहिनींना घ्या, आणि वर हळूच, मीटिंगला दादांना पाठवलं तरी चालेल. आमच्या मालकांना पाठवायचं म्हणजे त्यांना आधी पोरगं कुठल्या इयत्तेत आहे ते सांगून पाठवावं लागलं असतं, म्हणून मीच जाते. बाकीच्या बायकांपैकी तिघींचे नवरेच येतात आणि सही मात्र बायकोची घरून आणतात.

अध्यक्ष एका पार्टीचे, उपाध्यक्ष दुसऱ्या पार्टीचे, असं वाटून घेतल्यामुळे बिनविरोध झालं, गुलाल उडाला, फोटो निघाला. त्या फोटोत दोघं शेजारी उभे आहेत, त्यानंतर एकमेकांशी थेट बोललेले मी तरी बघितलेले नाहीत. ग्रामपंचायतीच्या इलेक्शनपासूनच बंद आहे म्हणे. भांडण झालं तर निदान कळतं तरी काय चाललंय. हे भांडत नाहीत, हे निरोप देतात. अध्यक्ष अण्णा हेडसरांना सांगणार, "त्यांना सांगा", आणि उपाध्यक्ष बापू दीड हातावर बसून हेडसरांनाच म्हणणार, "सर, त्यांना विचारा". हेडसर बिचारे मान इकडून तिकडे फिरवत बसतात.

मीटिंगची नोटीस पाचवीतल्या एखाद्या पोराच्या हातात चिठ्ठी देऊन येते, शाळेला शिपाई नाही. ते पोरगं अण्णांच्या भावकीतलं असलं की बापूंच्या गल्लीत जात नाही. व्हॉट्सॲपचा एक ऑफिशियल ग्रुप आहे, त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येतं आणि ॲडमिन गुड मॉर्निंग टाकतो. खरं बोलणं दुसऱ्या दोन ग्रुपवर चालतं, एक अण्णांचा एक बापूंचा, मी दोन्हीत आहे कारण दळण दोन्हीकडचं येतं. एकदा एकाच मीटिंगची वेळ एका ग्रुपवर 10 आणि दुसऱ्यावर 4 होती. आम्ही पाच जण सकाळी जाऊन कोरम नाही म्हणून परत आलो, सहा जण संध्याकाळी जाऊन परत आले.

गणवेशाचं सांगते, तिथं सगळं बाहेर पडलं.

2024-25 ला सरकारनं एक राज्य एक गणवेश म्हणून कापड वरूनच काढलं, शिवायचं काम बचत गटांकडे दिलं, तेव्हा आमच्याकडे 15 ऑगस्टला पोरं जुन्याच कपड्यात झेंड्यापुढं उभी होती. गणवेश आले तेव्हा एका पोराची पँट इतकी मोठी की त्याच्या आईनं त्यात दोघं भाऊ उभे करून फोटो काढला. मग डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं तो निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेश घ्यायचा अधिकार परत समितीकडे आला. एका गणवेशाला 300 रुपये, दोनाला 600. आम्ही खूश, म्हटलं आता आपल्या पोरांची मापं आपण घेऊ, मुंबईत बसून कोण घेणार.

मापं घेतली, पण दोनदा.

अण्णांनी तालुक्याच्या दुकानदाराला शब्द दिला होता, बापूंनी आपल्या मेव्हण्याच्या ओळखीतल्या टेलरला. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही, हेडसरांना अर्धं अर्धं सांगितलं, आणि जूनमधल्या एका शनिवारी सकाळच्या शाळेत दोन्ही माणसं एकाच वेळी टेप घेऊन हजर. मी तिथंच होते, पोराचा डबा द्यायला गेले होते. एकानं पोराची छाती धरलीय, दुसऱ्यानं कंबर, मधे पोरगं हसतंय कारण गुदगुल्या होतायत, आणि बाई दारात उभ्या, आत वर्ग घ्यायचा की बाहेर दंगा आवरायचा. हेडसरांनी दोन्ही ठिकाणी फोन लावला. अण्णा म्हणाले "माझं ठरलंय", बापू म्हणाले "ठराव झालाय का?" आणि इथं बापूंचा मुद्दा बरोबर होता, ठराव नव्हताच. पण बापूंच्या टेलरचा तरी कुठं होता.

मग काय, तोडगा निघाला. शर्ट एकाकडे, पँट आणि स्कर्ट दुसऱ्याकडे. ह्याला आमच्यात समन्वय म्हणतात. शर्ट आले जुलैच्या शेवटी, पँटी अडकल्या कारण चेकवर अध्यक्षांची आणि हेडसरांची अशा दोन सह्या लागतात आणि अण्णा म्हणाले पँटीच्या बिलावर मी सही करणार नाही, मला कुणी विचारलं होतं? सलग दुसरा 15 ऑगस्ट गेला, ह्या वेळी वर नवीन शर्ट आणि खाली जुन्या वर्षाची ती मोठी पँट. दोन्ही निळे, पण एक आभाळासारखा आणि एक पेनाच्या शाईसारखा.

प्रोसिडिंग बुकाचंही, म्हणजे मीटिंगचे ठराव लिहायच्या वहीचंही सांगायला पाहिजे. मीटिंग झाली नसली तरी ते बुक भरलेलं असतं. एका संध्याकाळी हेडसर स्वतः गाडीवरून गिरणीवर आले, पिशवीतून वही काढली, म्हणाले ताई इथं सही करा. मी हात पुसले आणि वाचायला लागले तर त्यांना घाम फुटला. सात विषय होते, सातही "सर्वानुमते मंजूर". त्यात शाळेच्या वार्षिक अनुदानाच्या 25,000 चा खर्च पण होता (आमच्या पटाला तेवढेच येतात, त्यात खडूपासून लाईटबिलापर्यंत सगळं भागवायचं). खर्च खोटा नव्हता हो, मी नंतर पावत्या बघितल्या, रंग, खडूनं लिहायचे दोन फळे, नळाच्या तोट्या, सगळं जागेवर होतं. म्हटलं सर, मग मीटिंगमध्येच का नाही सांगत? ते म्हणाले, "ताई, दोघांना एका खोलीत बसवायचं म्हणजे मला आधी बीपीची गोळी घ्यावी लागते." सही केली मी. पीठ लागलं त्या पानाला, अजून आहे.

पण सगळ्यात जास्त राग आला तो अंड्यांच्या वेळी. 2023 च्या शेवटी पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, जे खात नाहीत त्यांना केळं. पोरं त्या दिवशी आजारी पडत नव्हती, एवढंच सांगते. जानेवारी 2025 ला सरकारनं त्याचे पैसे बंद केले, द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. समितीत विषय आला. पोल्ट्रीवाले एक काका आहेत, नातू शाळेत आहे, ते स्वतःहून म्हणालेले की मी देतो दर आठवड्याला, मला फक्त वार सांगा. मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलावली, अण्णा म्हणाले बघतो, बापू म्हणाले बघू. अण्णांना वाटलं फोन बापू करतील कारण पोल्ट्री त्यांच्या वाडीला, बापूंना वाटलं अध्यक्षांचं काम आहे आपण कशाला पुढं पुढं करा. हेडसरांना वाटलं दोघांपैकी कुणीतरी केला असेल.

अडीच महिने गेले.

एप्रिलमध्ये काका ज्वारीचं पोतं घेऊन गिरणीवर आले. पट्टा चालू होता म्हणून मला नीट ऐकू आलं नाही, मी मशीन बंद केली. म्हणाले, "काय गं पोरी, माझी अंडी चालत नाहीत का शाळेला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच पिठाच्या हातानं हेडसरांना फोन लावला, वार विचारला, बुधवार म्हणाले, काकांना सांगितलं बुधवार. दीड मिनिट लागला असेल. पुढच्या बुधवारी ट्रे आले, आणि एकदाही चुकलेले नाहीत. 84 पैकी 11 पोरं अंडं खात नाहीत, त्यांच्या केळ्यांचे पैसे दुसरीच्या बाई देतात, हे मला खूप उशिरा कळलं. आणि वर काय, पुढच्या मीटिंगमध्ये अंड्यांबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघांच्या नावानं. सर्वानुमते.

दोघं माणसं वाईट आहेत असं नाही. अण्णांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं शाळेला मुरूम टाकलाय, एक रुपया घेतला नाही. बापू रात्री दोन वाजता एका पोराला सर्पदंश झाला तेव्हा गाडी घेऊन पळालेत, आणि ते पोरगं अण्णांच्या भावाचं होतं. पण त्या रात्रीनंतरही दोघांचं बोलणं "सर, त्यांना सांगा" असंच आहे. मला कळत नाही ते कळतच नाही.

शाळेत घालायचं का असं कोणी विचारलं तर डोळे झाकून घाला. आमच्या पुतण्याला यंदा पहिलीला इथंच घालतोय. जन्माचा दाखला आणि आधारची झेरॉक्स घेऊन जा, दुपारी दीडच्या आत, नंतर हेडसर कुणाचा तरी निरोप घेऊन बाहेर गेलेले असतात. आणि गणवेशाची मापं घेतील तेव्हा दोन नंबर मोठंच सांगा, कपडे हातात येईपर्यंत पोरगं वाढलेलं असतं.