पाठ्यपुस्तकांतील युद्धे : फोंड्यातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

गोव्यात फोंडा येथील एका खासगी शिकवणी संस्थेने यंदाच्या पावसाळ्यात ‘निरनिराळ्या देशांच्या शाळांत शिकवला जाणारा युद्धाचा इतिहास’ या विषयावर रविवारचा अभ्यासवर्ग घेतला. शुल्क दीड हजार रुपये होते आणि त्यात टिपणांची जाडजूड झेरॉक्स फाईल, चहा व मध्यंतरातील भाजीपाव यांचा समावेश होता. मार्गदर्शक माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक आहेत. कोणता देश खरे सांगतो आणि कोणता खोटे, याचा निवाडा करण्यात त्यांना फारसे स्वारस्य नाही. धड्याला मान्यता कोणी दिली, पुस्तक शाळेसाठी कोणी निवडले आणि परीक्षेत त्यावर काय विचारतात, हे ते आधी पाहायला लावतात. हा वर्ग पैसे मोजण्याजोगा ठरतो तो मुख्यतः या शिस्तीमुळे.

पहिल्याच सत्रात प्रत्येक बाकावर एकेका देशाची कालरेषा देण्यात आली आणि तिच्यावरून ‘युद्ध (म्हणजे दुसरे महायुद्ध) कधी सुरू झाले’ या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगण्यात आले. पोलंडच्या बाकाने 1 सप्टेंबर 1939 लिहिले आणि सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून शिरले तो 17 सप्टेंबरही जोडला. रशियाच्या बाकाने 22 जून 1941 लिहिले, कारण तेथे ‘महान देशभक्तिपर युद्ध’ म्हणून जे शिकवतात ते त्या दिवसापासून सुरू होते आणि त्याआधीची पोलंडची वाटणी त्या नावाखाली येत नाही. अमेरिकेच्या बाकाला पर्ल हार्बरचा 7 डिसेंबर 1941 हा दिवस सापडला. चीनच्या कागदावर दोन उत्तरे होती. तेथे पूर्वी जपानविरोधी युद्ध जुलै 1937 पासून आठ वर्षांचे शिकवले जात असे; 2017 मध्ये पुस्तके बदलून ते सप्टेंबर 1931 मध्ये जपानने ईशान्य चीनमधील मांचुरियावर केलेल्या चढाईपासून चौदा वर्षांचे करण्यात आले. भारताच्या बाकावर 3 सप्टेंबर 1939 होता. त्या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता देश युद्धात ओढला आणि पुढे काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. यावर सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका शिक्षिकेने विचारले, “सर, मग बोर्डाच्या पेपरात मुलांनी कुठली तारीख लिहायची?” सर म्हणाले, “पेपरात पुस्तकातली लिहू देत. बाकीच्या तुम्ही फळ्यावर मांडा आणि त्या कोणाच्या, ते मुलांना विचारा.” संपूर्ण वर्गातील सर्वांत उपयोगी भाग मला हाच वाटला, कारण तो दुसऱ्या दिवशी पस्तीस मिनिटांच्या तासिकेत जसाच्या तसा घेता येतो.

जपानवरील सत्र सर्वांत भरीव होते. जपानी मुलांना युद्धाविषयी काहीच शिकवत नाहीत, असे आपल्याकडे सहज बोलले जाते; प्रत्यक्षातील व्यवस्था बरीच गुंतागुंतीची आहे. तेथे खासगी प्रकाशक पुस्तके तयार करतात, शिक्षण मंत्रालय ती तपासून मान्यता देते आणि मान्य पुस्तकांपैकी कोणते घ्यायचे हे शाळेच्या स्तरानुसार बहुधा स्थानिक शिक्षण मंडळे ठरवतात. इतिहासकार साबुरो इएनागा यांनी या तपासणीविरुद्ध 1965 मध्ये पहिला दावा दाखल केला आणि तीन दाव्यांची ही लढाई 1997 पर्यंत चालली. तपासणीची पद्धतच घटनाबाह्य आहे, हे त्यांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने मानले नाही. परंतु मांचुरियात कैद्यांवर जीवघेणे प्रयोग करणाऱ्या ‘युनिट 731’विषयीचा मजकूर वगळायला लावणे बेकायदेशीर होते, असा निर्णय मात्र दिला. 2001 मध्ये जपानच्या आक्रमणाची बाजू सौम्य करणाऱ्या एका पुस्तकाला मंत्रालयाने मान्यता दिली, तेव्हा चीन आणि दक्षिण कोरियाने तीव्र निषेध केला. तरीही ते पुस्तक घेणाऱ्या शाळांचे प्रमाण एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकेही भरले नाही. मान्यता मिळणे आणि वर्गात पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरांनी या उदाहरणावरून असे बसवले की पुन्हा सांगायची गरज राहिली नाही.

जर्मनीविषयी सांगताना ते थोडे भारावून जातात, हे नमूद करायला हवे. तेथे शिक्षण हा सोळा राज्यांचा विषय आहे, तरी नाझी राजवट आणि ज्यूंचा संहार सर्वत्र शिकवला जातो. 1976 च्या बॉयटेल्सबाख सहमतीनुसार शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यांवर लादू नये आणि जे समाजात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, असा संकेत रूढ झाला. फ्रान्स आणि जर्मनीचे सामाईक पाठ्यपुस्तक 2006 पासून, तर पोलंड आणि जर्मनीचे 2016 पासून निघाले, हेही सांगण्यात आले. परंतु पोलंड-जर्मनी पाठ्यपुस्तक आयोग 1972 मध्येच स्थापन झाला होता, म्हणजे त्या पुस्तकाला चव्वेचाळीस वर्षे लागली. या विलंबाची कारणे उलगडली असती, तर नुसत्या कौतुकापेक्षा अधिक हाती लागले असते.

इंग्लंड आणि रशिया एकाच सत्रात उरकण्यात आले. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ज्यूंचा संहार सक्तीचा आहे, 1943 चा बंगालचा दुष्काळ मात्र सक्तीचा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्यात सुमारे 25 लाख माणसे होती, हे लक्षात घेतले की ही निवड डोळ्यांत भरते. रशियात 2023 च्या सप्टेंबरपासून वरच्या वर्गांना सरकारी पाठ्यपुस्तक लागू झाले आणि अजून चालू असलेले युक्रेनचे युद्धही त्यात धडा होऊन बसले. चालू युद्धावर प्रश्नपत्रिका कशी काढतात, हा प्रश्न अनेकांच्या ओठांवर होता. वेळ संपल्यामुळे तो तसाच राहिला.

माझी मुख्य तक्रार गोव्याविषयी आहे. बोरी आणि बाणस्तारी हाकेच्या अंतरावर असताना, डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीजांनी तेथील पूल उडवून दिले होते याचा उल्लेखही झाला नाही. वास्तविक 1961 हे या विषयासाठी हाताशी असलेले उत्तम उदाहरण आहे. आपल्या पुस्तकांत जी मुक्ती आहे, तीच घटना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने आपल्या जनतेला आक्रमण म्हणून सांगितली. शेवटपर्यंत लढण्याचा आदेश असताना शरण गेल्याबद्दल गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालू ई सिल्वा यांना 1963 मध्ये सैन्यातून काढून टाकण्यात आले आणि पोर्तुगालमधील 1974 च्या क्रांतीनंतर त्यांना पुन्हा सन्मानाने घेण्यात आले. एकाच माणसाच्या वाट्याला अवघ्या अकरा वर्षांत आलेले हे दोन निवाडे पाठ्यपुस्तके कशी फिरतात याची कल्पना जपानच्या उदाहरणाइतकीच स्पष्ट देतात, शिवाय ज्यांच्या आजोबांनी प्रिमैर ग्रावात (पोर्तुगीज प्राथमिक शाळेत) पोर्तुगालच्या नद्या पाठ केल्या त्या मुलांना ते अधिक जवळचे वाटतील.

महायुद्धाचेही तेच. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे गोव्यात महायुद्ध झालेच नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात मुरगाव बंदरात आश्रय घेतलेल्या एहरेनफेल्स या जर्मन जहाजावर 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी ब्रिटिश तुकडीने छापा घातला आणि त्या धामधुमीत तेथील चारही शत्रुपक्षीय जहाजे खलाशांनीच बुडवली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच बंदरात अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या हजाराहून अधिक नागरिकांची अदलाबदल केली. यातील एकही गोष्ट फाईलमध्ये नाही.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर सभागृह हवेशीर आहे, पण पावसाची सर आली की पत्र्यावरच्या आवाजात मागच्या रांगांना काही ऐकू येत नाही आणि ध्वनिक्षेपक नावापुरताच आहे. झेरॉक्समधील नकाशे इतके काळे आले आहेत की सीमारेषा ओळखता येत नाहीत. संस्थेने नकाशांची चार पाने तरी रंगीत द्यावीत. नववी-दहावीला इतिहास शिकवणाऱ्यांनी हा वर्ग अवश्य करावा. ज्यांना लढायांच्या हकिकती ऐकायच्या आहेत त्यांची निराशा होईल, कारण येथे एकाही लढाईचे वर्णन नाही. पुढची तुकडी गणेश चवथीनंतर सुरू होणार असून, गोव्यावर एक सत्र वाढवण्याची विनंती आम्ही काही जणांनी लेखी दिली आहे. ते सत्र नसले तरी शुल्क तेवढेच राहणार आहे, असे कार्यालयातून सांगण्यात आले.