ट्रम्पेटचा प्रॅक्टिस म्यूट, आठ महिन्यांनंतर: सगळं अडलं ते बुचाच्या सांध्यापाशी

प्रॅक्टिस म्यूट म्हणजे ट्रम्पेटच्या बेलमध्ये (पुढच्या रुंद तोंडात) खोचून आवाज दाबायचं साधन. नोव्हेंबरच्या ऑडिशन कॅम्पपासून जूनपर्यंत हा म्यूट आठवड्यातले सहा दिवस वापरात होता. ॲल्युमिनियमचा शंकू, टोकाला बारीक भोकं, मानेभोवती बुचाची सलग कडी, किंमत सत्तर डॉलर. मे महिन्यातल्या कॅम्पच्या तीन दिवस आधी ही कडी सांध्यातून उकलली आणि म्यूट निकामी झाला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण बुचाची कडी असलेला कुठलाही म्यूट घेतलात तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल.

ड्रम कोअरमध्ये (मैदानावर संचलन करत ब्रास आणि तालवाद्यं वाजवणाऱ्या स्पर्धक पथकात) वाजवणाऱ्याला म्यूट का लागतो हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. हिवाळ्यात महिन्याकाठी एक शनिवार-रविवार कॅम्प, बाकीचे दिवस घरी. पूर्ण वेळचा सराव मे अखेरीस सुरू होतो, जूनच्या शेवटी दौरा, आणि ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर अंतिम फेरी (२००९ पासून तिथेच). २००० च्या आधी मैदानावर ‘जी’ (G) सुरातले ब्यूगल चालायचे, त्यामुळे घरातला ट्रम्पेट आणि कोअरचं वाद्य यांचा मेळ बसत नसे. त्या वर्षापासून कुठल्याही सुरातलं ब्रास (पितळी फुंकवाद्य) चालतं, सगळ्यांकडे बी फ्लॅट ट्रम्पेट असतो, आणि घरी जे कराल ते थेट मैदानावर दिसतं. चांगलंही आणि वाईटही. १६५ जणांच्या कोअरमध्ये सत्तर-ऐंशी ब्रासवाले असतात, आणि त्यात एकाचा सूर चढा असला तरी परीक्षकाच्या कानाला तो लगेच टोचतो.

आवाज दाबण्याचं काम म्यूट चोख करतो. लाकडी चौकट आणि जिप्समच्या पातळ भिंतींच्या अपार्टमेंटमध्ये रात्री नऊनंतरही शेजाऱ्यांची तक्रार आली नाही. साध्या स्ट्रेट म्यूटला बुचाच्या तीन वेगळ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या फटींतून आवाज बाहेर येतो. प्रॅक्टिस म्यूटला सलग कडी असते, त्यामुळे हवा आणि आवाज दोन्ही टोकाच्या भोकांतूनच निघतात. म्हणून तो इतका शांत, आणि म्हणूनच त्याचे सगळे दुर्गुणही. पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

आता सुराबद्दल. म्यूट लावला की माझ्या ट्रम्पेटवर मधल्या सप्तकातला ‘जी’ सुमारे २० सेंट चढतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). मुख्य ट्यूनिंग स्लाईड (सूर लावायची सरकती नळी) बाहेर ओढून तो उतरवता येतो. बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी साधारण १४८ सेंमी, स्लाईडला दोन पाय, म्हणून दर १० सेंटला ४ मिमीच्या आसपास ओढावं लागतं. २० सेंटला ८ ते ९ मिमी. स्लाईडवर पेन्सिलीने दोन खुणा करून ठेवा, एक म्यूटची आणि एक मोकळ्या वाद्याची. म्यूट काढल्यावर स्लाईड परत आत ढकलायला विसरलात, तर पुढच्या तालमीत तुम्ही २० सेंट उतरलेले असाल.

खरी अडचण अशी की हा चढ सगळ्या स्वरांवर सारखा नसतो. खाली जाल तसा तो बदलतो, आणि अगदी तळाचे स्वर, सी पासून खाली एफ शार्पपर्यंत, डळमळतात. ओठ जागेवर असूनही स्वर घसरतो किंवा मध्येच फुटतो. म्यूटच्या पोकळीचा स्वतःचा एक मंद्र अनुनाद असतो, तो या स्वरांच्या वाटेत येतो. तुमच्या ओठांचा यात दोष नाही, त्यामुळे म्यूट लावून तळाचे स्वर 'सुधारत' बसू नका. ओठ भलत्याच ठेवणीला सवकतात.

त्यातच तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाईड येते. प्रत्येक व्हॉल्व्ह एकेकटा अचूक लावलेला असेल, तर १-३ (पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह) दाबून वाजणारा डी सुमारे ३० सेंट चढा निघतो आणि १-२-३ चा सी शार्प ५० च्याही वर. जोडीने दाबले की नळ्यांची बेरीज कमी पडते, हे साधं गणित आहे. म्हणून तर डाव्या हाताच्या बोटासाठी तिसऱ्या स्लाईडला कडं असतं: डी ला साधारण दीड सेंमी, सी शार्पला त्याच्या जवळजवळ दुप्पट. (बहुतेक वाद्यांत तिसरी स्लाईड मुळातच थोडी लांब असते, त्यामुळे तुमचा आकडा याहून कमी येईल. ट्यूनर लावून बघा.) म्यूट लावून ही अंतरं बोटाला शिकवली तर ती चुकीची शिकवली जातात. नोव्हेंबर-डिसेंबरात नेमकं हेच झालं, आणि जानेवारीच्या कॅम्पमध्ये सी शार्प प्रत्येक वेळी उतरलेला निघाला. म्यूट असताना तिसरी स्लाईड हलवायची, पण तिचं अंतर पक्कं करायचं काम मोकळ्या वाद्यावरच.

फेब्रुवारीत मत बदललं, आणि ते सुरापेक्षा दाबामुळे. भोकं बारीक असल्याने हवा उलटी ढकलते. फुंकणाऱ्याला वाटतं की आधार भक्कम आहे, स्वर सहज धरला जातोय. प्रत्यक्षात गळा आवळला जातो आणि हवेचा वेग मंदावतो. म्यूट काढला की पहिली पाच मिनिटं आवाज पातळ आणि चिमटल्यासारखा येतो. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना हे सांगायला नको: दिवाणखान्यात उशीवर काढलेला हात आणि मैदानात ढोलावर पडलेला हात वेगळे. ब्रासचा आवाज मैदानाच्या मागच्या कडेवरून वर परीक्षकांच्या खोलीपर्यंत जायचा असतो, आणि तो मोकळ्या हवेनेच जातो. त्या महिन्यात मी या म्यूटला पाचपैकी तीनच दिले असते.

नंतर वेळेची वाटणी ठरवली आणि तो पुन्हा कामाचा वाटू लागला. श्वासाचे व्यायाम वाद्याशिवाय, मेट्रोनोम ६० वर: सहा ठोके आत, सहा बाहेर, मग आठ-आठ, मग चार-चार, शेवटी एका ठोक्यात पूर्ण श्वास आणि आठ ठोक्यांत सोडणं. मग पाच मिनिटं नुसत्या माऊथपीसवर बझ (ओठ थरथरवून स्वर काढणं), त्याचा आवाज तसाही भिंतीपलीकडे जात नाही. त्यानंतर रेमिंग्टन नावाचा लांब स्वरांचा व्यायाम: जी, एफ शार्प, जी, एफ, जी, ई असं अर्ध्या स्वराने खाली सी शार्पपर्यंत, प्रत्येक स्वर चार ठोके. आपल्याकडे खर्जाच्या रियाजाला जे स्थान आहे तेच ब्रासमध्ये याला आहे, आणि तितक्याच निष्ठेने तो करावा. हा भाग मी आता कधीच म्यूटवर करत नाही. दिवसाउजेडी पंधरा मिनिटं मोकळं वाद्य वाजवायची मुभा शेजाऱ्यांकडून मागून घ्या. कपाट उघडून टांगलेल्या कपड्यांकडे तोंड करून वाजवलं तरी बराच फरक पडतो. बोटांचं काम, टंगिंग (जिभेने स्वर सुटे करणं) आणि शोचे तुकडे पाठ करणं म्यूटवर उत्तम होतं. एका वेळी वीस मिनिटं, मग म्यूट काढून दोन मिनिटं मोकळे लांब स्वर. हे शेवटचं गाळू नका.

एक फायदा मात्र अपेक्षेपलीकडचा निघाला. म्यूटचं वजन बेलच्या अगदी टोकाला पडतं, त्यामुळे वाद्य आडव्या रेषेपेक्षा दहा अंश वर धरून ठेवायला खांदे आणि पाठ जास्त राबतात. मेट्रोनोम लावून चार मिनिटं वर, एक मिनिट खाली, असं चार वेळा. एप्रिलच्या कॅम्पमध्ये वाद्य धरण्यात जो फरक दिसला तो यामुळेच. त्याच वेळी जागच्या जागी मार्क टाइम करणार असाल तर पायाखाली जाड सतरंजी किंवा योगाची मॅट घाला, खालच्या मजल्याला ट्रम्पेटपेक्षा टाचांचा त्रास जास्त होतो. पावलाचं माप घरी जमत नाही. पाच यार्डांत आठ पावलं म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, ते मैदानावरच पक्कं होतं.

आता बूच. बाकी सगळं सांभाळून घेता येतं, हे येत नाही.

कडी सलग राहिली तरच म्यूट चालतो. केसाएवढी फट पडली की तिथून हवा सुटते, स्वर खरखरतो आणि सूर भलतीकडे जातो. माझ्या म्यूटमध्ये कडीची दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवून चिकटवली होती. असा सांधा उकलणारच. म्यूटमध्ये श्वासातली वाफ साचते, बूच दमट होऊन फुगतं आणि वाळून आकसतं, आणि रोजच्या या ताणाचा सगळा भार त्या एका रेषेवर येतो. त्यात गाडीत उन्हात राहिला तर गोंदही मऊ पडतो. क्लॅरिनेटच्या जोडावर बूच बसवताना एक टोक तिरकं तासून दुसरं त्यावर चढवतात. ही पद्धत कुठल्याही दुरुस्तीवाल्याला ठाऊक असते, आणि सत्तर डॉलरच्या वस्तूत ती नसावी याचा मला अजून राग आहे. विक्रेत्याचं उत्तर: बूच झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही, स्वतःच्या खर्चाने पाठवा, तीन आठवडे लागतील. झिजणं आणि उकलणं यांतला फरक दोन ईमेल आणि चार फोटो पाठवूनही त्यांनी मान्य केला नाही.

घरी दुरुस्तीला लागलं इतकंच: ३ मिमी जाडीचा बुचाचा तक्ता, कॉन्टॅक्ट सिमेंट, २२० नंबरचा पॉलिश पेपर, धारदार कटर. सगळं मिळून पंधरा डॉलरच्या आत.

जुनं बूच काढायच्या आधी म्यूट बेलमध्ये बसवून बेलच्या काठापासून म्यूटच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. म्यूट किती खोल जातो यावर सूर ठरतो, आणि नंतर हे अंतर मोजायची सोय उरत नाही. जुनं बूच आइस्क्रीमच्या काडीने खरवडा, चाकूने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. उरलेला गोंद ॲसिटोनने निघतो, पण म्यूट प्लॅस्टिकचा असेल तर ॲसिटोन अजिबात लावू नका, ते विरघळेल.

पहिल्या प्रयत्नात माझी चूक झाली ती अशी: सरळ पट्टी कापली. शंकूवर सरळ पट्टी गुंडाळली की ती तिरपी चढत जाते आणि टोकं जुळत नाहीत. पट्टी कमानीसारखी वळलेली लागते. जुन्या गोंदाच्या खुणेवर कागद गुंडाळा, पेन्सिल आडवी घासून दोन्ही कडा उमटवा, तो आकार कापा आणि त्यावरून बूच कापा, लांबीला एक सेंमी जास्त ठेवून. ते जास्तीचं सेंमी एका टोकाला वरून आणि दुसऱ्याला खालून तिरकं तासा.

सिमेंट दोन्ही बाजूंना लावायचं. बूच ते पितं, म्हणून बुचाला दोन हात. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडा, आणि एकदाच, नेमकं. टेकल्यावर सरकवता येत नाही. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. चोवीस तासांनी पॉलिश पेपरने घासत घासत मूळ अंतरावर आणा. दर चार-पाच फेऱ्यांनी बसवून पाहा, कारण शंकूचा उतार कमी असल्याने अर्धा मिमी बूच गेलं तरी म्यूट बराच आत सरकतो.

फट तपासायची तर म्यूट बसवा, टोकाची भोकं अंगठ्याने दाबा आणि वाद्यात हळू फुंका. कुठेही सुस्कारा ऐकू आला नाही तर कडी सलग आहे. रोज बसवताना बुचावर तोंडाने उबदार वाफ सोडा आणि किंचित पिळून बसवा, पडत नाही. काढल्यावर उलटा ठेवून वाळू द्या, ओला म्यूट केसमध्ये कोंडू नका.

दुरुस्तीनंतर सूर पूर्वीइतकाच, १८ ते २० सेंट चढा. सहा आठवडे रोज वापरूनही सांधा जागेवर आहे.

शाळेच्या मार्चिंग बँडमधल्या मुलांसाठी आईबाबा विचारतात त्यांना: ट्रम्पेटसाठी घ्या, पण आधी कडीचा सांधा नखाने चाचपून पाहा, तिथे धार लागली तर दुसरा नग मागा. मेलोफोनच्या (मार्चिंग बँडमधल्या मोठ्या बेलच्या ब्रास वाद्याच्या) बेलमध्ये ट्रम्पेटचा म्यूट बसत नाही, त्याच्या मापाचा शोधावा लागतो. हेडफोनवाले इलेक्ट्रॉनिक म्यूट आवाजाचं समाधान देतात, तरी हवा अडायची ती अडतेच, त्यामुळे वीस मिनिटांचा नियम त्यांनाही लावा.

पाचपैकी चार, त्यातला अर्धा माझ्या बुचाचा. तक्त्यात अजून तीन कड्यांपुरतं बूच शिल्लक आहे, आणि कागदाचा साचा ट्रम्पेटच्या केसमध्येच ठेवलाय.