नाकाने फुगवायचा फुगा, आठ महिने वापरल्यावर (मुलीच्या कानातल्या पाण्यासाठी)

आधीच सांगते, हे डॉक्टरांना दाखवून, विचारून वापरलंय, स्वतःच्या मनाने नाही. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. ज्यांना "कानात पाणी साठलंय, कदाचित ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायची बारीकशी नळी) टाकावं लागेल" असं सांगितलंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत कुणाचा असा अनुभव मला सापडला नव्हता.

सुरुवात शाळेतून झाली. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, "वर्गात ऐकत नाही." आता आपल्याकडे ऐकत नाही म्हटलं की डोक्यात पहिलं काय येतं, पोरगी हट्टी झालीये. घरी पण तेच, पाच हाका मारल्या तरी ढिम्म, टीव्ही मोठ्याने, काहीही विचारलं की "आँ?". एका संध्याकाळी मी पाठीत धपाटा घातला होता तिच्या, तो आठवला की अजून पोटात तुटतं. मग एक दिवस श्रुतलेखनाची वही बघितली. 'ताट'च्या जागी 'पाट', 'कान'च्या जागी 'पान', 'सात'च्या जागी 'हात'. काना-मात्रा सगळं बरोबर, अक्षर सुरेख, फक्त शब्द वेगळेच. तिला ऐकूच तसं येत होतं! बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की तर काहीच नाही, कारण ती इतके दिवस ओठ बघून निम्मं समजून घेत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

कान दुखला नाही, वाहिला नाही, ताप नाही, म्हणून ती वही बघेपर्यंत कुणाला संशय पण आला नाही. नोव्हेंबरात ईएनटीकडे नेलं. दोन टेस्ट केल्या. ऑडिओमेट्रीत (किती हळू आवाज ऐकू येतो ते बघतात, आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं) उजवा ३० डेसिबल, डावा ३५. टिम्पॅनोमेट्रीत (कानात बोंडूक घालून हवेचा दाब बदलतात, काही दुखत नाही, मिनिटभराचं काम) कागदावर डोंगरासारखा उंचवटा यायला हवा तर दोन्ही कानांची रेघ सपाट, त्याला बी टाइप म्हणतात. म्हणजे पडद्याच्या आत चिकट पाणी, ग्लू इअर. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं की कानाच्या आतून नाकाच्या मागे एक नळी येते, घाटात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की टक करून मोकळे होतात ते तिच्यामुळेच. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दी झाली किंवा नळीच्या तोंडाशी अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या टॉन्सिलसारख्या गाठी) वाढलेले असले की ती नीट उघडत नाही, आत हवा जात नाही आणि पाणी साठतं.

आमच्या सासूबाईंनी मायेपोटी लसणीचं गरम तेल घातलं होतं दोनदा. पाणी पडद्याच्या आतल्या बाजूला, तेल बाहेर, ते तिथे पोचणारच नाही, उलट भाजायची भीती. हे डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून इतकं छान सांगितलं की त्यांनी परत बाटलीला हात लावला नाही. आधी एका ठिकाणी आम्हाला अँटिबायोटिक आणि सर्दीचं सिरप दीड महिना दिलं होतं, त्याने काहीही फरक पडला नव्हता, आणि या पाण्यावर त्या दोन्हींचा उपयोग नाही हे आम्हाला इथे आल्यावर कळलं.

डॉक्टर म्हणाले बऱ्याच मुलांचं आपोआप जातं, तीन महिने थांबू, नाही गेलं तर भूल देऊन ग्रोमेट. मी घाबरले होते. माझी जाऊ इंग्लंडमध्ये असते, ती म्हणाली इकडे मुलांना नाकाने फुगवायचा फुगा देतात, पाठवू का. डॉक्टरांना विचारलं तर त्यांना माहीत होतं, म्हणाले जरूर करा, थांबायचंच आहे तर हातात काहीतरी असू दे. त्यांनीच सांगितलं की २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या ३२० मुलांवरचा अभ्यास छापून आलाय, तीन महिन्यांनी फुगा करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचा टिम्पॅनोमेट्रीचा आलेख सुधारला, न करणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांचा. तिकडच्या नाईस या संस्थेच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्येही, मूल नीट करू शकत असेल तर याचा विचार करा असं आहे. ते आकडे मी मुद्दाम लिहितेय, म्हणजे कुणी जादूची अपेक्षा ठेवून घेणार नाही.

वस्तू अगदी साधी. एक प्लास्टिकचं बोंडूक, त्याला फुगा. बोंडूक एका नाकपुडीत घट्ट धरायचं, दुसरी बोटाने दाबायची, तोंड बंद, आणि नाकातून फुंकून फुगा मोसंबीएवढा करायचा. मग दुसरी बाजू. दिवसातून तीनदा. नवीन फुगा कडक असतो, आधी आपण तोंडाने एकदोनदा फुगवून सैल करून द्यायचा, नाहीतर मुलाला जमतच नाही. वाढदिवसाचे फुगे लावू नका, याचं रबर ठरावीक दाबाचं असतं.

पहिला आठवडा रडारड. गाल फुगायचे, फुगा नाही. मग मी आधी नुसतं नाक शिंकरायला शिकवलं, एक नाकपुडी दाबून टिश्यूचा कपटा टेबलावरून उडवायचा, असा खेळ चार दिवस. पाचव्या दिवशी फुगा लिंबाएवढा झाला आणि ती थबकली, कानावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, आत काहीतरी फुटलं." मी घाबरून डॉक्टरांना फोन. ते म्हणाले हेच हवं होतं, नळी उघडली.

सर्दी आणि ताप असताना बंद ठेवायचं असं सांगितलं होतं, ते पाळलं. ज्या मुलांना रबराची अ‍ॅलर्जी आहे किंवा नाकातून वारंवार रक्त येतं त्यांनी आधी विचारा. चार वर्षांखालच्या मुलाला जमेल असं मला वाटत नाही, माझ्या भाच्याला नाही जमलं.

खर्च फुग्यांचा. रबर सैल पडलं की दाब येत नाही, बदलावाच लागतो. पाच फुग्यांचा डबा आम्हाला अडीच आठवडे पुरायचा आणि प्रत्येक वेळी कुणी येणार असेल तर त्यांच्याकडून मागवायचे, हा मोठाच त्रास. दोन फुगे डब्यातच चिकटलेले निघाले. शाळेच्या दिवशी दुपारचा चुकायचा, मग सकाळी, आल्यावर, झोपताना असं बसवलं.

मार्चमध्ये उजव्या कानाचा आलेख उंचवट्यावर आला, डावा सपाटच. मी खूप नाराज झाले. डॉक्टरांनी ग्रोमेट लगेच न घेता डाव्यासाठी अजून दोन महिने दिले, कारण एका कानाने नीट ऐकू येत असलं की शाळेचं बरंच निभतं. मे महिन्यात मुंबईला जाताना कसारा घाटात ती मागच्या सीटवरून ओरडली, "कानाला दडे बसले!" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आधीच्या ट्रिपांमध्ये ती असं कधीच म्हणाली नव्हती. त्याच आठवड्यात टेस्ट केली, डावाही सुधारलेला. उजवा १५, डावा २०.

हे फुग्यामुळे झालं की वयाने आपोआप, कुणी शपथेवर सांगू शकणार नाही, आणि मी पण नाही सांगणार. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून उपयोगी पडली ती फुग्याइतकीच महत्त्वाची. स्वयंपाकघरातून हाका मारणं बंद केलं, जवळ जाऊन, खांद्याला हात लावून, समोर बघून बोलायचं. बाईंना रिपोर्ट दाखवला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी पहिल्या बाकावर बसवलं आणि श्रुतलेखन घेताना तिच्याकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. वहीतले 'पाट' आणि 'पान' निम्म्याने तिथेच कमी झाले.

जुलैत पावसाळी सर्दीने परत आठवडाभर "आँ?" सुरू झालं, सर्दी ओसरल्यावर तीन आठवडे फुगा केला, आता परत ठीक वाटतंय. पुढची टेस्ट सप्टेंबरात आहे. एक न उघडलेला डबा कपाटात ठेवलाय, तिने स्वतःच त्यावर स्केचपेनने नाव घातलंय.