स्टार्मर सरकार, अठरा महिने वापरून झाल्यावर

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, हे आपल्यातल्या कितीतरी लोकांना इथे वर्षानुवर्षं राहूनही ठाऊक नसतं. कॉमनवेल्थ देशाचं नागरिकत्व, वैध व्हिसा, मतदार यादीत नाव, एवढं पुरतं. ४ जुलै २०२४ ला मी आपला गडद निळा पासपोर्ट ओळखपत्र म्हणून दाखवला आणि मत दिलं. कुणाला, ते राहू द्या. लेबर पक्षाने ३४ टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर ४११ जागा मिळवल्या, केअर स्टार्मर पंतप्रधान झाले, त्याला जानेवारी २०२६ मध्ये अठरा महिने झाले. ‘यूके कसं आहे गं आता?’ असं नाशिकहून विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी आणि बॅगा भरायच्या तयारीत असलेल्यांसाठी हे लिहितेय.

आम्ही लंडनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. मी केअर होम, म्हणजे वृद्धांची देखभाल करणारी निवासगृहं, चालवणाऱ्या एका छोट्या कंपनीत पगारपत्रकं आणि हिशेब सांभाळते, नवरा आयटीत, मुलगी शाळेत. आलो सप्टेंबर २०२२ च्या शेवटी, लिझ ट्रस सरकारच्या मिनी-बजेटच्या पाठोपाठ. २३ सप्टेंबरला ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर झाली, पैसे कुठून येणार ते कुणी सांगितलं नाही. पौंड गडगडला, गृहकर्जं महागली. रुपयातही पौंड उतरल्यामुळे आमचं घरभाड्याचं डिपॉझिट जरा स्वस्तात निघालं, हा त्या सरकारपासून झालेला आमचा एकमेव फायदा. ट्रसबाई सात आठवड्यांत गेल्या. पण आताच्या सरकारचं निम्मं वागणं त्या आठवड्याच्या धसक्यातून आलंय असं माझं मत आहे. त्याकडे पुढे येते.

आधी चांगलं. सरकारी वेबसाइट अप्रतिम आहे. गाडीचा कर, कच्चं लायसन्स, शाळाप्रवेशाचा अर्ज, सगळं चहा गार व्हायच्या आत होतं. ना एजंट, ना झेरॉक्स, ना ‘साहेब जेवायला गेलेत’. पगारातून कर परस्पर कापला जातो आणि जास्त कापला गेला तर परत येतो. प्लॅस्टिकची व्हिसाकार्डं २०२४ च्या अखेरीस बाद करून सगळं ऑनलाइन केलं. तेव्हा विमानतळावर काय होईल अशी धाकधूक होती, आमचं तरी सुरळीत झालं.

अर्ज भरून झाला की पुढे माणूस लागतो, आणि खरी रड तिथून सुरू होते.

ड्रायव्हिंग टेस्टच घ्या. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने गाडी चालवता येते, नंतर इथलं काढावं लागतं. कच्च्या लायसन्सचे ३४ पौंड, लेखी परीक्षेचे २३, प्रत्यक्ष टेस्टचे ६२. दर अजिबात वाईट नाहीत, फक्त तारीख मिळत नाही. कोविडच्या आधी टेस्टसाठी साधारण ५ आठवडे थांबावं लागे. सप्टेंबर २०२५ मध्ये सरासरी प्रतीक्षा २२ आठवड्यांची होती. परीक्षक कमी, मागणी जास्त, आणि मधल्या फटीत दलाल शिरलेले. ते संगणकाकरवी तारखा उचलतात आणि त्याच ६२ पौंडांच्या तारखा कुठे कुठे ५०० पर्यंत विकतात. मी दलालाकडे गेले नाही, पाच-सहा महिन्यांनंतरची तारीख घेऊन बसले. २०२५ च्या अखेरीस प्रतीक्षा ७ आठवड्यांवर आणू असं सरकारने सांगितलं होतं, मग २०२६ चा उन्हाळा म्हणाले, आणि सरकारी लेखापरीक्षकांच्या डिसेंबर २०२५ मधल्या अहवालानुसार आता नोव्हेंबर २०२७ उजाडेल. आरटीओतल्या एजंटांच्या तावडीतून सुटलो म्हणून आनंद मानणाऱ्या आपल्या माणसांना इथे पुन्हा एजंट भेटतो, फक्त तो टेलिग्रामवर असतो.

आता माझ्या कामाच्या टेबलावरचं. मला हे सरकार इथून जितकं स्पष्ट दिसतं तितकं टीव्हीवरून दिसत नाही.

३० ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्‌ज यांनी मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावरचा सामाजिक सुरक्षेचा कर, १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के केला. त्याहून झोंबलं ते दुसरंच. कितीच्या वरच्या पगारावर तो भरायचा ती रेषा वर्षाला ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आणली. नोकरदाराच्या पगारातून एक पैसा जाणार नाही, हे वचन शब्दशः पाळलं. पण आमच्याकडे वर्षाला २४,००० पौंड मिळवणाऱ्या एका केअररमागे कंपनी आधी साधारण २,०५६ पौंड भरत होती, एप्रिल २०२५ पासून २,८५० भरते. माणशी ७९४ पौंड जास्त. लहान धंद्यांची सवलत ५,००० वरून १०,५०० केली, त्यामुळे चार माणसांच्या दुकानाचा उलट फायदा झाला, हेही नोंदवते. पण वीस माणसं असतील तर सवलत वजा जाताही दहा हजारांच्या वर बोजा येतो. त्याच महिन्यात किमान वेतन तासाला ११.४४ वरून १२.२१ झालं. ते व्हायलाच हवं होतं. रात्रपाळीला म्हाताऱ्या माणसाची कूस बदलणाऱ्या बाईला त्याहून कमी देणं लाजिरवाणं आहे. पण दोन्ही एकदम आलं.

आता केअर होमला पैसे कोण देतं? आमच्याकडच्या बऱ्याच वृद्धांचा खर्च काउन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, उचलते. म्हणजे एका सरकारी खात्याने आमच्याकडून कर वाढवून घेतला आणि तो भागवायला आम्ही दुसऱ्या सरकारी दारात जास्त दर मागायला गेलो. सरकारी नोकऱ्यांपुरती या कराची भरपाई दिली गेली, खाजगी केअर होमना नाही. काउन्सिलने दर वाढवले, पण पुरेसे नाहीत. कंपनीने एका होममधल्या काही खोल्या रिकाम्या ठेवल्या, कारण माणसं ठेवणं परवडेना.

त्याच सुमारास एका रविवारी मुलगी सायकलवरून पडली आणि मनगट मोडलं. इमर्जन्सीत तासन्‌तास बसलो. कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्यांवर आजी-आजोबा झोपलेले, त्यांच्या उशाशी कोट घालून बसलेली त्यांची मुलं. नर्सला विचारलं, यांना वर का नेत नाहीत? ती म्हणाली, वर खाट नाही. घरी जाण्याइतके बरे झालेले लोक वॉर्डातच आहेत, त्यांची पुढची सोय होत नाही म्हणून. इंग्लंडच्या इस्पितळांमध्ये अशी माणसं रोज बारा हजारांच्या आसपास असतात. ती बोलत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या रिकाम्या खोल्यांचा तक्ता. इस्पितळातली खाट केअर होमच्या खोलीपेक्षा कितीतरी महाग पडते, हे सांगायला अर्थमंत्री लागत नाही. एका खात्याने वाचवलेला पौंड दुसऱ्या खात्यात दोन पौंडांचा खर्च होऊन उगवतो आणि दोन्ही खात्यांचे हिशेब आपापल्या जागी बरोबर असतात.

मुलीचा हात उत्तम जुळला. एक्स-रे, प्लास्टर, तपासण्या, कुठेही पाकीट काढलं नाही. हे न सांगता एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, टीका करणं मला अप्रामाणिक वाटतं. जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, सकाळी आठला फोन लावायची शर्यत होती, तीही थोडी सुधारली. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या जीपींना ऑनलाइन विनंत्या दिवसभर घ्याव्या लागतात. नियोजित उपचारांची यादी मात्र सप्टेंबर २०२३ च्या ७७ लाखांवरून खाली येऊनही २०२५ च्या अखेरीस ७३ लाखांच्या घरात होती.

‘फुकट’ हा शब्द आमच्यासारख्यांनी जपूनच वापरावा. व्हिसावरच्या प्रौढाला आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. फेब्रुवारी २०२४ च्या आधी प्रौढांसाठी तो ६२४ होता. २०२५ मध्ये आमचे व्हिसा तीन वर्षांसाठी वाढवले तेव्हा तिघांचा मिळून अधिभारच ८,५३८ पौंड झाला, म्हणजे दहा लाख रुपये, व्हिसाची फी वेगळी. शिवाय पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स चालूच.

काउन्सिलबद्दल थोडक्यात. दरवर्षी कर ४.९९ टक्क्यांनी वाढतो, कारण त्याच्या वर जायला खास परवानगी किंवा लोकमत लागतं. वाढलेला पैसा वृद्धांची देखभाल आणि विशेष गरजांच्या मुलांचं शिक्षण यातच जातो. ते कायद्याने बंधनकारक आहे, वाचनालय आणि रस्त्यावरचे खड्डे त्यानंतर. म्हणून कर वाढतो आणि दारातून दिसणारी प्रत्येक गोष्ट कमी होते. लोकांच्या रागाचं मोठं कारण मला हेच वाटतं. बर्मिंगहॅमची गत तर सगळ्यांनी पाहिली. समान वेतनाची जुनी देणी आणि फसलेली संगणक प्रणाली यामुळे तिथल्या काउन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये हात वर केले आणि मार्च २०२५ पासून कचरा कामगार बेमुदत संपावर गेले. एका टप्प्यावर १७,००० टन कचरा रस्त्यावर होता. तेव्हा आई इथे आलेली. बातम्यांमधले ढीग बघून ती म्हणाली, ‘आपली घंटागाडी बरी की गं!’ वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत, आयुष्यभर बस चालवली. जुलै २०२४ मध्ये, सरकार येऊन महिना व्हायच्या आत, पेन्शनरांना हिवाळ्यात मिळणारा इंधनभत्ता फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांसाठीची मदत, मिळणाऱ्यांपुरता केला. एकट्या माणसासाठी ती रेषा तेव्हा आठवड्याला २१८ पौंडांची. आजोबा बसखात्याच्या छोट्याशा पेन्शनमुळे तिच्या जरा वर, त्यांचे ३०० पौंड गेले. इकडे पेन्शन क्रेडिटचे अर्ज धडाधड वाढले, वाचवायची रक्कम तिथे झिरपली, आणि जून २०२५ मध्ये ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना भत्ता परत दिला. पैसे परत आले, राग तसाच राहिला. पुढच्याच महिन्यात अपंगत्व भत्त्यातली कपात स्वपक्षाच्या खासदारांनी हाणून पाडली, दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री संसदेत रडताना दिसल्या आणि त्यावर सरकारी कर्जाचे दर उसळले. डिसेंबरमध्ये शेतकऱ्यांच्या वारसाकरातल्या सवलतीची मर्यादाही १० लाखांवरून २५ लाख पौंडांवर गेली. आधी दुखवायचं, मग माघार घ्यायची, आणि त्यात पैसेही वाचत नाहीत, मतंही. सप्टेंबर २०२५ च्या इप्सॉसच्या पाहणीत स्टार्मर यांच्यावर समाधानी १३ टक्के होते आणि नाराज ७९.

असं का करतात? माझा अंदाज असा. ट्रसनंतर कुठलंही सरकार कर्जरोख्यांच्या बाजाराला घाबरून असतं. व्याजापोटीच वर्षाला शंभर अब्जांहून जास्त पौंड जातात. रीव्ह्‌जबाईंनी स्वतःच्या नियमांत शिलकीची जागा ठेवली ती जेमतेम ९.९ अब्जांची, म्हणून ओबीआर या अंदाज बांधणाऱ्या संस्थेने आकडा जरा हलवला की कुठेतरी घाईघाईने कात्री चालवायची. कात्री कुठे चालवली की कुठून रक्त येईल, हे बघायला वेळच नसतो. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ही जागा दुपटीहून जास्त वाढवली, हे शहाणपणाचं. त्यासाठी आयकराच्या रेषा २०३१ पर्यंत गोठवल्या, म्हणजे पगार वाढेल तसे आपण आपोआप वरच्या दरात ढकलले जाऊ. बाकी त्या दिवशी बाई बोलायला उभ्या राहण्याआधीच ओबीआरचा अख्खा अहवाल वेबसाइटवर उघडा पडला. वेबसाइटबद्दल वर केलेलं कौतुक तेवढं कमी करून घ्या.

आजोबांनी मे २०२६ च्या काउन्सिल निवडणुकीत रिफॉर्म या स्थलांतरविरोधी पक्षाला मत द्यायचं ठरवलं होतं. ‘तुमच्याबद्दल नाही हं,’ असं सांगून कुंपणावरून सफरचंदं देतात. मी घेते. रिफॉर्मच्या भीतीने सरकारही त्याच दिशेला झुकलंय. जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरती बंद, आणि आमच्या रोस्टरमध्ये भोकं.

गुण द्यायचेच तर ऑनलाइन कामांना पाचपैकी पाच, प्रत्यक्ष सेवेला अडीच, पैशाच्या नियोजनाला दोन. अडीचमधला एक त्या नर्ससाठी.

यायचं की नाही, हे ज्याचं त्याने पगार बघून ठरवावं. पण जे आलेत त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. कायम वास्तव्यासाठी ५ वर्षांऐवजी १० वर्षं, केअर वर्करना १५, असा प्रस्ताव गृहमंत्री शबाना महमूद यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला आणि तो इथे आधीपासून राहणाऱ्यांनाही लावायचं म्हणाल्या. सलग तीन वर्षं ५०,२७० पौंडांच्या वर पगार असेल तर ५ वर्षांची सूट त्यात होती, पण जोडीदाराचा काळ वेगळा मोजायचा विचार होता. आमच्या घरात म्हणजे नवरा आधी आणि मी मागून. त्यावर १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत ऑनलाइन मत नोंदवता येत होतं.  आणि लायसन्सचं पहिलं वर्ष संपायची वाट न पाहता आल्या आल्या लेखी परीक्षा द्या. ती झाल्याशिवाय टेस्टच्या रांगेत उभंसुद्धा राहता येत नाही.