पोलरायझर शीट, दोनचा संच: पाचपैकी साडेतीन तारे

मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबला असते. मॅडमना टी.वाय.च्या पोरांना कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतून येणाऱ्या वर्णरेषांचं (वर्णपटातल्या एकेका रंगाच्या रेघांचं) ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत होणं, शिकवायचं होतं. "काही दाखवता येईल का हो?" एवढं विचारून त्या मोकळ्या झाल्या आणि मी एकाच दिशेची कंपनं पलीकडे सोडणाऱ्या या शीट्स ऑनलाइन मागवल्या. १० × १० सेंमी, दोनांचे ३८० रुपये.

आधी तक्रारी. शीट कोणत्या दिशेची कंपनं सोडते त्या अक्षाची खूणच नाही. शेवटी खिडकीसमोरच्या फरशीची चकाकी शीटमधून बघत शीट फिरवली आणि चकाकी जिथं मेली तिथं मार्करनं उभी रेघ ओढली. दोन शीट्स एकमेकींना आडव्या धरल्या की पूर्ण काळोख व्हायला हवा, इथं गर्द जांभळा उजेड झिरपतो. या किमतीत चालायचंच. दोन्ही अंगांचा प्लास्टिकचा पापुद्रा मात्र आठवणीनं काढा. मी अर्धा तास त्याच्यासकट बघत होते, भलतेच रंग!

कॅमेऱ्याच्या सीपीएल (वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या) फिल्टरवर भागवू नका. एकाच तोंडानं दोन ठेवले तर कितीही फिरवा, अंधार होत नाही. एक उलटा धरावा लागतो.

आता खरं काम. टेबलावर काच, खाली पांढरा कागद, त्यावर पिवळ्या बल्बचा उजेड. सीएफएलपुढं बारीक फट पाडलेला पुठ्ठा, आणि फट थेट दिसू नये म्हणून मध्ये आणखी एक. दिसतं ते फक्त काचेतलं प्रतिबिंब, लंबापासून ५६ अंशांच्या आसपास, कारण या कोनात परतणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत असतो. डोळ्याला ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी), त्याच्यापुढं शीट. (सीडी नको, तीच थोडं ध्रुवीकरण घालते.) कागदाच्या उजेडात सीएफएलमधल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेघ जेमतेम दिसते. शीट फिरवली की कागद जवळजवळ तसाच, रेघ तेवढी उघडमीट करते. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून आली.

तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी १०६८ या दीर्घिकेत हेच झालं. केंद्रातल्या कृष्णविवराजवळचा, सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाचा वायू धुळीआड, म्हणून साध्या वर्णपटात त्याच्या रुंद रेषा नाहीत. लिक वेधशाळेच्या ३ मीटर दुर्बिणीतून आलेल्या प्रकाशातला अँटोनुची आणि मिलर या खगोलशास्त्रज्ञांनी ध्रुवीकृत तेवढाच वेगळा काढला, तर हायड्रोजनच्या रुंद रेषा हजर. हे १९८५ साली छापून आलं. काचेचं काम, म्हणजे लपलेला प्रकाश ध्रुवीकृत करून आपल्याकडे वळवण्याचं, तिथं धुळीबाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी केलं.

जमलं नाही ते रेषेच्या आतलं वळण. तबकडी फिरते, म्हणून जवळ येणाऱ्या बाजूचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, दूर जाणाऱ्या बाजूचा लालकडे. प्रकाश विखुरणाऱ्या भोवतीच्या कड्याला या दोन बाजू वेगळ्या कोनांतून दिसतात. त्यामुळे ध्रुवीकरणाची दिशा रेषेच्या निळ्या टोकाला एकीकडे कलते, लाल टोकाला दुसरीकडे. या कलण्यावरून कॉकेशसमधल्या ६ मीटर दुर्बिणीवाल्यांनी कृष्णविवराचं वस्तुमानसुद्धा काढलंय. मी स्टीलच्या थाळीच्या काठाला एक निळी, एक लाल टिकली चिकटवून हातवारे केले. पोरं हसली. त्यात शीटचा काय दोष?

दुसरा संच मागवलाय, कारण पहिल्यातली एक शीट कुणीतरी स्पिरिटनं पुसून ठेवली. मऊ कोरडं कापडच वापरा.