‘उघडू नका’ म्हणणाऱ्याचं घड्याळ

एका बनावट जुन्या घड्याळापायी बेचाळीस हजार रुपये गेले. पण जास्त लागलं ते हे की, फसवणूक ओळखायला जे लागतं ते सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. ते विकणारा माणूस तसलीच गोष्ट आता दुसऱ्यांना सांगत फिरतोय, म्हणून हे लिहून काढतोय.

मी डिचोलीचा. सात वर्षांपासून जुनी डायव्हर घड्याळं, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेली, जमवतोय आणि रोज मनगटावर वापरतोयही. गोव्यात या छंदाला मुळात जमीनच चांगली आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जहाजांवरून सुट्टीवर येणारे तारवटी (खलाशी), आखातातून परतणारे लोक जपानी सीको कंपनीची घड्याळं घालून यायचे. जुन्या घरांतल्या खणांत अजून एखादं निघतं. मला हवं होतं ते सीको ६३०९-७०४०: १९७६ ते १९८८ मध्ये बनलेलं, उशीसारखं फुगीर केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), चावी चार वाजायच्या जागी आणि १५० मीटर खोल पाण्यापर्यंतची खात्री.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओळख झालेल्या एकाने ते दाखवलं. “काकांचं आहे, भाऊ. तारवटी होते. एक्याऐंशी साली जहाजावरून आणलं, कधी उघडलंच नाही.” मी झाकण उघडून बघू म्हटलं तर तो दुखावल्यासारखा झाला. “उघडलं की कंपनीचं सील गेलं. मग तुम्ही घेतलं नाहीत तर ते माझ्याकडून कोण घेणार?”

खरी गोम इथेच. चाळीस वर्षं न उघडलेलं घड्याळ असेल तर आतली रबर रिंग कडक झालेली असणार आणि तेल वाळलेलं असणार. ते उघडणं तर पहिलं काम. पण ‘कधी उघडलंच नाही’ हे ऐकून मी इतका हरखलो होतो की, त्याचा नकार मला अस्सलपणाचा पुरावा वाटला.

मागच्या झाकणावरचा नंबर मी तपासला. सीकोच्या त्या काळच्या नंबरात पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना (ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी). नंबर १६ ने सुरू होत होता, म्हणजे जून १९८१. गोष्टीशी तंतोतंत जुळलं. झाकण खरं होतंच. खोटं होतं ते झाकणाच्या आत आणि काचेखाली.

मग त्याने ग्लासभर पाण्यात घड्याळ अर्धा मिनिट बुडवून दाखवलं. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो. ग्लासात तो जवळजवळ नसतोच. हेही मला माहीत होतं. पैसे रोख दिले, पावती मागितली नाही. त्याच्या काकांच्या आठवणीचा सौदा करताना पावती मागायची मला लाज वाटली.

पहिल्या रात्री डायलवरचे ठिपके हिरवेगार चमकत होते आणि मी कौतुकाने बघत बसलो. तिथेच कळायला हवं होतं. चाळीस वर्षांच्या लेपाची चमक संपलेली असते. टॉर्च मारला तर क्षणभर मंद उजळून विझतो. रात्रभर लखलखणारा डायल नवीन असतो, नाहीतर नव्याने रंगवलेला. दुसरी खूण तर मी हातानेच बघितली. वेळ लावायला चावी ओढली की सेकंदकाटा थांबायचा. ६३०९ च्या मशीनमध्ये तो थांबत नाही, आणि चावी फिरवून त्याला चावीही देता येत नाही. ते फक्त मनगटाच्या हालचालीवर चालतं. माझ्या घड्याळाला चावी देता येत होती. मी म्हटलं, बरं झालं, सोय झाली.

नोव्हेंबरात हरमलच्या समुद्रात छातीभर पाण्यात दहा मिनिटं पोहलो. किनाऱ्यावर आलो तेव्हा काचेच्या आत धुकं होतं.

फोंड्याच्या एका वयस्कर घड्याळजींनी ते उघडलं. काही बोलले नाहीत, आधी भिंग माझ्या हातात दिलं. डायलखालची बारीक अक्षरं फाटल्यासारखी, कडा पसरलेल्या. काटे नवे. चावीचे आटे झिजलेले, त्यामुळे ती पुरती आवळलीच जात नव्हती. झाकणाची रिंग चुकीच्या मापाची. आणि मशीन एनएच ३६, जे आजही सुटं विकत मिळतं. “बाबा, यात जुनं म्हणायला केस आणि झाकण,” ते म्हणाले. असली जोडलेली, रंगवलेली घड्याळं बाजारात ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखली जातात. उघडपणे, तशा भावात विकली तर माझी काही तक्रार नाही. हौसेने वापरणारे आहेत. माझ्याकडून मात्र त्याने अस्सलचे पैसे घेतले.

त्याला फोन लावला. म्हणाला, “उघडू नका सांगितलं होतं ना? घड्याळजीनेच बदललं असणार.” तेव्हा कळलं की ‘उघडू नका’ हे पुढच्या भांडणाची तयारी म्हणूनही होतं. माझ्याकडे पावती नव्हती आणि झाकण उघडलेला फोटोही नव्हता. वाद तिथेच संपला.

गेल्या आठवड्यात त्याच माणसाने सावंतवाडीच्या माझ्या मित्राला एक ६३०९ दाखवायला आणलं. या वेळी काका नव्हते, सासरे होते, साल १९७९. मित्राने मला विचारलं. मी सांगितलं: घड्याळजीच्या दुकानातच भेट, झाकण तुझ्यासमोर उघड, मशीनचा नंबर आणि डायलची अक्षरं भिंगाखाली बघ, चावी ओढून सेकंदकाट्यावर नजर ठेव, आणि सगळं मनासारखं निघालं तरी पैसे खात्यातून पाठव, कागदावर ‘मूळ मशीन, मूळ डायल’ लिहून घे. मित्राने त्या माणसाला एवढंच कळवलं की झाकण उघडून बघायचं आहे. अजून उत्तर नाही.